सिनेमातली मेलेली बायको

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार आधी करून घेते, कारण पुढं सगळा रागच आहे. फोन केला असता, पण आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त बाहेरच्या खोलीत, आणि तिथं तुमचे बंधू बसलेले असतात. त्यांच्याविषयी त्यांच्याच शेजारी बसून कसं बोलणार? म्हणून पत्र. तुम्ही नणंद, म्हणजे भावाची बाजू घेणार हे धरूनच चालले आहे. तरी ऐका.

ह्यांना मोटरसायकलवाल्यांचे मारधाडीचे सिनेमे आवडतात हे तुम्हाला माहीतच आहे. दोन दमड्यांचे सिनेमे. त्यात एक दाढीवाला असतो, त्याच्या बायकोला गुंड मारून टाकतात आणि मग तो मोटरसायकलवर बसून एकेकाला गाठतो. तुमचे बंधू स्वतः स्कूटर चालवताना वळणावर पाय खाली टेकवतात, ते सोडा. इतकी वर्षं मी त्या सिनेमांकडे पाठ करून शिलाई मशीनवर असायचे. मला नुसता आवाज यायचा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पायमशीन बंद केलं, म्हणून आता हातशिलाई घेऊन बाहेरच्या खोलीत बसते. बसते म्हणून दिसतं.

दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून हे घरी येतात, हातपाय धुतात आणि सिनेमा लावतात. रोज तोच एक. त्यात सुरुवातीला ती बायको असते. पिवळा गाऊन घालून स्वयंपाकघरात ताटं पुसत असते आणि खिडकीतून नवऱ्याकडे बघून उगाच हसते. तो अंगणात मोटरसायकल सुरू ठेवून पुसत असतो, तोही हसतो. विनोद कोणीच केलेला नसतो. मग लांब रस्त्यावर गुंडांच्या गाड्यांचे दिवे दिसतात. दिवे दिसले की हे टीव्ही बंद करतात आणि जेवायचं का म्हणून विचारतात.

मारामारीच्या सिनेमात मारामारी न बघणारा माणूस काय बघत असेल, तुम्हीच सांगा. तिलाच बघतो. मी एकदा विचारलं, "पुढं काय होतं?" तर म्हणाले, "पुढं काय, तो सगळ्यांना मारतो. सहा गोदामं जाळतो." "कुणासाठी?" "हिच्यासाठी." आणि उठून ताट घ्यायला गेले.

मला त्या बाईचा हेवा वाटतो, वन्सं. स्पष्टच लिहिते. ती मेली म्हणून तिच्यासाठी सहा गोदामं, आणि मी जिवंत आहे तर आमचा गीझर किती दिवस बंद आहे हेही ह्यांना सांगता येणार नाही.

पडद्यावरच्या बाईवर जळण्याइतकी मी खुळी नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी मी आत टेबलावर होते आणि हे बाहेर बाकावर बसून फोनवर मोटरसायकलींचा सिनेमा बघत होते. नर्सनं मला नंतर हसत हसत सांगितलं, "तुमच्या मिस्टरांनी कॉरिडॉरमध्ये नुसती फटफट लावली होती." मीही हसले. तेव्हापासून ते घशात अडकलं आहे. ह्यांना मी एका शब्दानं विचारलेलं नाही. मी आत टेबलावरच गेले असते, तर ह्यांनी सिनेमा थांबवला असता की संपवून उठले असते, एवढंच मला कळायला हवं आहे.

तुम्ही त्यांच्या लहानपणापासूनच्या. ती पिवळ्या गाऊनवाली कोणासारखी दिसते ते तुम्हाला ठाऊक असणार. लपवू नका.

तुमची वहिनी,
अजून जिवंत


१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आलं. समोर एक शिकाऊ काकू क्लच सोडताना डोळे मिटत होत्या आणि मी तुमचं पत्र वाचून हसत होते. काकूंना वाटलं मी त्यांनाच हसते. त्या आता दुसरा शिक्षक मागतायत.

पण पुढं वाचताना हसू गेलं. दादा रोज संध्याकाळी तो सिनेमा बघतो, आणि मला एकदाही कळवत नाही? तो सिनेमा आमचा आहे वहिनी, त्याचा आणि माझा. तुम्ही त्याच्याशी लग्न करायच्या कितीतरी आधीपासून.

तुम्हाला त्याची गंमत कळायची नाही, कारण तुम्ही शहाण्या आहात. टोळी म्हणे वीस जणांची, आणि गाड्या चार. त्याच चार पुलावरून आधी डावीकडून जातात, मग उजवीकडून. रात्र दाखवायची तर कॅमेऱ्याला काळी काच लावून भर दुपारी शूटिंग, त्यामुळे गुंडांच्या सावल्या त्यांच्या पायाखालीच. आणि ती सहा गोदामं तुम्ही मनाला लावून घेतली आहेत म्हणून सांगते, गोदाम एकच आहे. सहा बाजूंनी जाळलंय आणि दर वेळी पाटी बदललीय. हे सगळं आम्हाला तेव्हाही दिसायचं, तरी आम्ही श्वास रोखून बसायचो. कारण त्या सिनेमात जे वाईट होतं ते कोणीतरी केलेलं असतं. त्याला तोंड असतं, पत्ता असतो, आणि हिरोला फक्त पेट्रोल लागतं. घरी परत येताना मला वाटायचं की आपल्याला जगातलं काहीही निस्तरता येईल.

आम्हाला तिकीट कोण देणार? थिएटरच्या दारावर एक जाड भिंगाच्या चष्म्याचा माणूस बसायचा. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला की मालक घरी जायचा, आणि मग तो आम्हाला फुकट आत सोडायचा. त्यामुळे आम्हा दोघांना एकाही सिनेमाची सुरुवात माहीत नाही. आम्ही आत शिरायचो तेव्हा बायको मेलेलीच असायची. पेट्रोलच्या टाकीवर तिचा फोटो चिकटवलेला, तेवढीच तिची ओळख. घरी येऊन तोच खेळ खेळायचो, तेव्हा हिरो मी व्हायचे. दादाला मागं बसायला आवडायचं. तो मला 'सरदार' म्हणायचा, अजून म्हणतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, टायपिंगच्या क्लासला एक होती. तिचा पिवळा फ्रॉक मला चांगला आठवतो. दादा टायपिंग वर्षभर शिकला आणि अजून एका बोटानं करतो, म्हणजे त्याचं लक्ष कुठं होतं ते बघा. जास्त लिहीत नाही. नणंदेनं आगीत तेल ओतलं असं व्हायला नको.

हॉस्पिटलचं मनावर घेऊ नका. पुरुषांना नुसतं बसवत नाही.

आमचे हे अजून जहाजावर आहेत. आवाज ऐकून सहा दिवस झाले. तुमच्याकडे निदान रोज टीव्ही बंद करणारा माणूस तरी आहे.

तुमची नणंद,
सरदार


२४ फेब्रुवारी

वन्सं,

आगीत तेल नको म्हणत पिंपभर ओतलंत की.

टायपिंगवालीनं माझी झोप घालवली. पाच-सहा दिवसांपूर्वी न राहवून मी विचारलं, "ती टायपिंगच्या क्लासची पिवळ्या फ्रॉकवाली कोण?" हे म्हणाले, "कुठली?" मी म्हटलं, "जिला तुम्ही रोज संध्याकाळी बघता ती." त्यावर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी परक्या भाषेत बोलले. मग चष्मा काढून शर्टानं पुसायला लागले. चष्म्याच्या दुकानात काम करणारा माणूस शर्टानं काच पुसतो, म्हणजे काहीतरी जागेवर नाही. मीही ऐकलं नाही. रिमोट उचलला आणि माझ्या टाचण्यांच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

त्यांनी रिमोट मागितला नाही. त्या दिवसापासून टीव्ही बंदच आहे. काल गीझर दुरुस्त करून ठेवला, मला न सांगता. गरम पाण्यानं अंघोळ करताना मला इतका राग आला की काय सांगू. मला भांडण हवं होतं, गरम पाणी नको होतं. मी जिंकले आहे, आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं आहे.

दुपारी एकटी असताना मी तो सिनेमा लावला. शेवटपर्यंत बघितला, शत्रूचं बळ कळावं म्हणून. गुंडांची जॅकेटं रेक्झिनची आहेत, चामड्याची नाहीत. एकाच्या काखेतली शिवण उसवलेली आहे आणि तो दोनदा मरतो. गोदाम एकच आहे हे तुम्ही सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं, दाराशी तीच बादली आहे. आणि तिचा गाऊन उसना आहे. ती फडताळाकडे वळते तेव्हा मागं एक टाचणी दिसते, कंबरेत ढिला होता म्हणून टोचून बसवलाय. मला बरं वाटलं. एवढी काही राणी नाही म्हटलं.

पण मग ती मरते, आणि तो दाढीवाला जे काही करतो ते बघून मला रडू आलं. दुःखानं नाही, जळून. गोदाम एक का असेना, जाळलं ना? सहा बाजूंनी गेला ना? तोंडातून अक्षर न काढणारा पुरुष, आणि तिच्यामागं एवढा वेडा झालेला. मी ऑपरेशनहून घरी आले तेव्हा ह्यांनी मला विचारलं होतं, "उशी बदलू का?" बस. संपलं प्रेम.

आणखी एक. हॉस्पिटलच्या गोष्टीवरून तुम्ही एका ओळीत सटकलात, ते माझ्या लक्षात आलं आहे. शिवाय गेले चार-पाच दिवस हे जेवण झालं की खाली रस्त्यावर स्कूटरपाशी जाऊन फोन करतात. मी खिडकीतून बघते. ओठांवरून 'सरदार' कळतं. माझ्याशी मौन आणि बहिणीशी तासभर. परवा तुमच्याशी बोलताना त्यांनी डोळे पुसलेले मी वरून पाहिले. माझ्यासमोर ह्या माणसानं कधी डोळे पुसले नाहीत. म्हणजे आता मला एका मेलेल्या बाईचा, एका टायपिस्टचा आणि नणंदेचा, असा तिघींचा हेवा करावा लागतो आहे. माझ्याच्यानं आता होत नाही.

काय बोलतात ते तुमच्याशी?

वहिनी


६ मार्च

वहिनी,

आधी टायपिंगवालीला घरातून काढा. क्लासला ती होती, पिवळा फ्रॉकही होता, पण दादाला तिचं तोंडसुद्धा आठवत नाही. मी विचारलं त्याला. तो एका बोटानं टाइप करतो कारण त्याला तेवढंच येतं.

मग मी तिला का आणलं मध्ये? जळले म्हणून. तुम्ही लिहिलंत की तो रोज संध्याकाळी आमचा सिनेमा बघतो आणि तुम्ही शेजारी बसून टाके घालता, आणि माझ्या पोटात दुखलं. शेजारची जागा माझी होती. ती तुम्हाला मिळाली, आणि तुम्ही तिथं बसून तक्रार करत होतात. वाटलं, थोडी आग लागू दे त्या घरात. एवढी लागेल असं वाटलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या गोष्टीवरून मी सटकले, कारण तो सिनेमा मीच पाठवला होता. त्या दिवशी आमच्याकडे लायसनच्या परीक्षा होत्या, मला येता आलं नाही. तुम्हाला आत नेल्यावर दादाचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "सरदार, आत नेलं," एवढं तीन वेळा म्हणाला. मला काही सुचेना. म्हटलं, थांब, आपला सिनेमा पाठवते, वेळ जाईल. आणि शोधून पाठवला. तो पहिल्यापासून होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या लेखी तो सिनेमा गोदामापासून सुरू होतो. बायको ऑपरेशनच्या टेबलावर असलेल्या माणसाला, बायको मरते असा सिनेमा पाठवणारी बहीण जगात दुसरी नसेल.

संध्याकाळी मी विचारलं होतं, बघितलास का? म्हणाला, "सुरुवात बघितली." मी म्हटलं, "सुरुवातीत काय आहे बघण्यासारखं?" त्यानं फोन ठेवला. मीही विसरून गेले.

आता रस्त्यावरून फोन करतो तेव्हा काय बोलतो ते जसंच्या तसं सांगते. तुमचा हक्क आहे, आणि मला ते एकटीनं जवळ ठेवायचं नाही.

"सरदार, आपण इतकी वर्षं तिला फोटोच समजत होतो. ती ताटं पुसते. तिला हसू येतं. मी बाकावर बसून बघत होतो, बरं वाटत होतं. मग रस्त्यावर दिवे दिसले, आणि मला कळलं की हे तिला मारायला आले. ज्यात बायको मरते तोच हा सिनेमा, हे तेव्हा ध्यानात आलं. मी पटकन बंद केला. फोन उलटा करून बाकावर ठेवला. आणि तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, सगळं नीट झालं."

मी म्हटलं, "मग रोज का लावतोस?"

म्हणाला, "रोज तिथंच बंद करतो. एकदा उपयोग झाला ना."

वहिनी, ऑपरेशननंतरची तुमची तपासणी ह्याच महिन्यात आहे ना? तोवर एकही दिवस चुकवायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. आणि तुम्ही रिमोट टाचण्यांच्या डब्यात टाकलात. तो तुमच्याकडे मागू शकत नाही, कारण मागितला तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर तुम्हाला भीती वाटेल. डोळे त्यासाठी पुसत होता.

आता हेवा कोणाचा करायचा ते मला सांगा. आमचे हे चांगले आहेत, पगार पाठवतात, सुट्टीला येतात. पण माझ्यासाठी कोणी सिनेमा मध्येच थांबवल्याचं मला आठवत नाही.

रिमोट द्या त्याला.

सरदार


१९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि मग तिथंच खाली बसले. हे दुकानातून आले तेव्हा डबा उघडून रिमोट सोफ्यावर ठेवला. हे बघत राहिले. मी म्हटलं, "लावा. सरदारनं सांगितलंय सगळं." ह्यांचं तोंड लाल झालं. लावला नाही. म्हणाले, "आता मध्ये इतके दिवस खंड पडलाच आहे." आणि माझं बोट धरून बसले. लहान मूल गर्दीत धरतं तसं, एकच बोट.

तपासणी झाली. परवा रिपोर्ट आला, चांगला आहे. काही नाही आत. तुमच्या दादाला ते पटेना. सिनेमा बंद असताना चांगला आला कसा, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. डॉक्टरांना त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला वाईट हवा होता का?"

घरी आल्यावर मीच सिनेमा लावला. ताटं पुसून झाली, ती हसली, तो हसला. दिवे दिसले. ह्यांचा हात रिमोटकडे गेला, पण रिमोट माझ्या मांडीवर, शिवणाच्या कापडाखाली होता. मी म्हटलं, "आज शेवटपर्यंत. मी इथं आहे, बघा." हे उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. ती मेली. तुमच्या दादानं ते बघितलंच नाही, सगळा वेळ माझ्याकडे तोंड करून बसले होते. मला मात्र सगळं बघावं लागलं. ती पडते तेव्हा तिच्या पाठीची टाचणी पुन्हा दिसते. मागच्या वेळी त्या टाचणीनं मला बरं वाटलं होतं. ह्या वेळी वाटलं, अगं बाई, पडताना टोचली असेल हिला.

मग ती पुलावरची पळापळ सुरू झाली आणि हे जरा सैल झाले. चार गाड्यांवर दोघं हसलो. मी उसवलेल्या काखेचा गुंड दाखवला, ह्यांना तो इतक्या वर्षांत दिसला नव्हता. गोदाम जळायला लागलं तेव्हा मी विचारलंच. वाटलं होतं कधी विचारवणार नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी गेले असते, तर तुम्ही कोणाला धरलं असतंत?"

हे गोदामाकडे बघत होते. चौथी बाजू पेटली. मग म्हणाले, "कोणीच सापडलं नसतं."

एवढंच म्हणाले. पुढं काही विचारायची मला गरज पडली नाही. उरलेल्या दोन बाजू आम्ही बघितल्या. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "उशी देऊ का पाठीला?" मी म्हटलं, द्या.

तुमच्याविषयी मनात राग ठेवलेला नाही, पण पूर्ण गेलाय असंही समजू नका. टायपिस्टचा हिशेब अजून बाकी आहे, तो समोरासमोर पुरा करू. सुट्टी काढून या. बाहेरच्या खोलीत तुमच्यासाठी खुर्ची ठेवते, चांगली, हाताची. सोफा दोघांचाच आहे, त्यातली जागा मिळणार नाही. ती आता माझी आहे, आणि मी तिथं बसून वाटेल तेवढी तक्रार करणार. तुमचे हे जहाजावरून आले की त्यांनाही आणा. सिनेमा कुठं थांबवायचा ते आम्ही शिकवू.

आज संध्याकाळी ह्यांनी नेहमीसारखे हातपाय धुतले आणि विचारलं, "लावू?" मी म्हटलं, लावा. पिवळा गाऊन आला. मी टाके घालत होते, हे शेंगा सोलत होते. ती खिडकीतून हसली. लांब रस्त्यावर दिवे दिसले. हे काही हलले नाहीत, आता त्यांना भीती नाही. मीच सुई कापडात टोचून ठेवली, रिमोट घेतला आणि बंद केला.

हे म्हणाले, "का गं?"

मी म्हटलं, जगू दे तिला. माझं काय जातंय.

तुमची वहिनी